टेंडनायटिससाठी क्लिनिकल ट्रायल कशी शोधावी, भाग कसा घ्यावा: माझा अनुभव आणि तुमचे प्रश्न

पोळपाट

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आता हात साथ देतोय म्हणून सविस्तर लिहिते.

माझं पुण्यात छोटंसं पोळी-भाजी केंद्र आहे. रोजच्या दोनशे-सव्वादोनशे पोळ्या, त्यातल्या निम्म्या तरी मी लाटते. गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या सुमारास उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी दुखायला लागलं. वाटलं, पुरणपोळ्यांचा ताण असेल, उतरेल. दिवाळीपर्यंत अशी गत झाली की सांडशीने चहाचं पातेलं उचललं की कोपरापासून मनगटापर्यंत कळ जायची आणि पातेलं परत शेगडीवर टेकवावं लागायचं. डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, कोपराच्या हाडाला जिथे चिकटते, तिथला टेंडनायटिस. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, मग स्टिरॉइडचं इंजेक्शन. इंजेक्शनने पाच-सहा आठवडे अगदी छान गेले आणि मग दुखणं पहिल्यापेक्षा जोरात परत आलं.

पुढे पीआरपी सुचवलं गेलं, म्हणजे आपलंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि प्लेटलेट जास्त असलेला भाग दुखऱ्या जागी टोचायचा. खर्चाचा आकडा ऐकून मी विचारलं, "याने नक्की बरं होईल का?" उत्तर मिळालं, "बऱ्याच जणांना होतं."

माझी भाची बी.फार्म. करते. ती म्हणाली, "मावशी, तू जो प्रश्न विचारलास ना, त्याच्यासाठीच ट्रायल, म्हणजे उपचाराची माणसांवर पद्धतशीर चाचणी, करतात. आपल्याकडे चालू असलेल्या ट्रायल सगळ्यांना बघता येतात. बस, शोधू." त्या रात्री आम्ही दोघी फोन घेऊन बसलो, आणि तिथून जे कळत गेलं ते इथे लिहितेय.

भारतातल्या ट्रायलची नोंदवही म्हणजे सीटीआरआय, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, दिल्लीतली संस्था ती चालवते. २००७ साली सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलना नोंदणी सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद झालेली असावी लागते. शोधायला पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही.

पहिली अडचण नावाची आली. आम्ही इंग्रजीत 'टेंडनायटिस' टाकलं तर हाताशी फारसं काही लागलं नाही. कारण असं की 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. जुनाट दुखण्यातली कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तेव्हा दाहापेक्षा झीज आणि विस्कटलेले तंतूच जास्त दिसले, म्हणून अभ्यासकांनी 'टेंडिनोपथी' हा शब्द धरला. शिवाय प्रत्येक जागेला वेगळं नाव. कोपर असेल तर 'लॅटरल एपिकाँडिलायटिस', 'लॅटरल एपिकाँडिलाल्जिया' आणि 'टेनिस एल्बो' हे तिन्ही शोधून बघा. अंगठ्याच्या मुळाशी असेल तर 'डी क्वेर्व्हेन', खांद्याला 'रोटेटर कफ' किंवा 'सुप्रास्पायनेटस', टाचेमागे 'अकिलीस'. सविस्तर शोधात राज्यही निवडता येतं. आम्ही महाराष्ट्र निवडला आणि एकदम पानभर नोंदी समोर आल्या.

त्यातल्या बऱ्याच फिजिओथेरपी आणि आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या आहेत. सुरुवातीला मला वाटलं, मोठ्या औषधाची ट्रायल असती तर बरं. आता तसं वाटत नाही. माझ्यासारखीच्या रोजच्या प्रश्नावर, म्हणजे कोणता व्यायाम आणि किती, काम करणारी माणसं हीच आहेत.

प्रत्येक नोंदीचं पान लांबलचक असतं. मी तीन गोष्टी आधी बघायला शिकले. एक, भरती चालू आहे का. 'ओपन टू रिक्रूटमेंट' असं लिहिलेलं हवं, पण ते वेळच्या वेळी बदललेलं असेलच असं नाही, म्हणून फोन करायचाच. दुसरं, कोणाला घेणार आणि कोणाला नाही. इथेच मी अडकले. तिसरं, 'पब्लिक क्वेरी'साठी दिलेलं नाव आणि नंबर. तो आपल्यासाठीच असतो, संकोच करायचा नाही.

मी तीन ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणी कोणी उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, इंजेक्शन कधी घेतलं होतं?" तीन महिने झाले नव्हते. "मग नाही घेता येणार. इंजेक्शनचा परिणाम आणि आमच्या व्यायामाचा परिणाम वेगळा काढता येणार नाही." वाईट वाटलं, पण पटलं. तिसरी ट्रायल एका फिजिओथेरपी कॉलेजात होती, तिथेही तीच अट, पण भरती आणखी काही महिने चालणार होती. मी कॅलेंडरवर तारखेला गोल केला आणि थांबले. डॉक्टरांना विचारून तेवढे दिवस हलका व्यायाम केला, लाटणं सुनेकडे दिलं.

तिथल्या दिवसाबद्दल खालच्या प्रतिसादात लिहिते, हात भरून आला.

---

कडुनिंब

वाचनखूण साठवली. माझ्या बहिणीला पाठवते आहे, ती ब्यूटी पार्लरमध्ये थ्रेडिंग करते आणि अंगठा कामातून गेलाय.

---

रानवाट

ताई, लेखन आवडलं. पण मनापासून विचारतो, भीती नाही वाटली? आमच्या घरात 'ट्रायल' म्हटलं की वडील म्हणतात, आपण काय प्रयोगाचे उंदीर आहोत का. इंदूरला रुग्णांना नीट न सांगता औषधांच्या चाचण्या केल्याचे आरोप झाले, ते प्रकरण त्यांनी पेपरात वाचलेलं आहे, ते विसरत नाहीत.

---

पोळपाट

रानवाट, वाटली की. म्हणूनच तो दिवस नीट सांगते.

ठरलेल्या वेळी गेले. आधी तपासणी. कोपर सरळ, मूठ वळलेली, आणि मनगट वर उचलताना त्यांनी वरून दाब दिला. कळ आली. मान तपासली, कारण मानेतली नस दाबल्यानेही हातात दुखतं आणि तसं असेल तर या ट्रायलमध्ये घेत नाहीत. मग माहितीपत्रक हातात दिलं, मराठीत. वर स्पष्ट लिहिलं होतं की हे संशोधन आहे, भाग घेणं ऐच्छिक आहे, कधीही सोडता येईल, आणि सोडलं म्हणून इथले उपचार बंद होणार नाहीत. मी म्हटलं, घरी नेऊन वाचू का? ती मुलगी म्हणाली, "न्याच काकू." मी ते घरी दोनदा वाचलं, भाचीने एकदा. पेन्सिलीने प्रश्न लिहिले: येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, दुखणं वाढलं तर कोणाला फोन करायचा, माझी माहिती कोण बघणार, बारा आठवड्यांनंतर काय. दुसऱ्या खेपेला एकेक विचारला आणि मग सही केली. माझी प्रत माझ्याकडे आहे, शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे रुग्णांचं हित बघून ट्रायलला परवानगी देणाऱ्या समितीच्या, सचिवांचा नंबर आहे.

मग पाकीट. तपकिरी, चिकटवलेलं, आतलं दिसणार नाही असं. दोन गट होते. दोघांनाही मनगटाचा व्यायाम, एका गटाला वर टेपही लावणार. कोण कोणत्या गटात जाणार हे ती मुलगी ठरवत नव्हती, तिचे सरही नाही, मी तर नाहीच. चिठ्ठ्यांचा क्रम आधीच काढून पाकिटात बंद केलेला. माझ्यासमोर फाडलं. मला टेप नव्हती. खरं सांगते, मनात एक क्षण आलंच की टेपवाला गट मिळाला असता तर बरं. तिने ते ओळखलं. म्हणाली, "टेपने फरक पडतो हे आम्हाला आधीच माहीत असतं तर ही ट्रायल केलीच नसती."

आणि ते मुठीचं यंत्र! डायनॅमोमीटर म्हणतात त्याला. कोपर सरळ ठेवून मूठ हळूहळू आवळायची आणि दुखायला लागलं रे लागलं की थांबायचं. जोर किती आहे हे नाही बघत, दुखेपर्यंत किती आवळता येतं ते बघतात. डाव्या हाताने काटा पार पुढे गेला. उजव्या हाताने थोडा हलला आणि कळ आली. तीन वेळा केलं. डाव्या-उजव्यातला तो फरक समोर दिसला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, कारण वर्षभर "काही नाही गं, होतं असं" हेच ऐकत होते.

---

समितीतला सामान्य माणूस

मी एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत बिगरवैद्यकीय सदस्य आहे. रानवाट यांच्या वडिलांची काळजी रास्त आहे, तिला हसून उडवून लावू नका. स्वास्थ्य अधिकार मंच या इंदूरच्याच संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, त्यानंतर २०१३ मध्ये नियम कडक झाले. आत्ता लागू आहेत ते २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम. कमिटीत किमान ७ सदस्य लागतात, त्यांत माझ्यासारखा एक सामान्य माणूस आणि एक तरी स्त्री. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे. ट्रायलमध्ये गंभीर काही घडलं तर संशोधकाला २४ तासांत कळवावं लागतं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाईही. मृत्यू झाल्यास भरपाईचं सूत्र ८ लाखांच्या मूळ आकड्यावरून, वय आणि जोखीम धरून काढतात.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. हे सूत्र नवीन औषधांच्या ट्रायलसाठी आहे. पोळपाटताईंसारखी व्यायामाची ट्रायल आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांखाली येते. तिथेही संशोधनामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचा हक्क आहे, पण तो कसा पुरवणार हे त्या संमतिपत्रात लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर सही करू नका.

कमिटीत मी संमतिपत्राचं मराठी वाचतो. 'यादृच्छिकरीत्या नियुक्त' असं लिहून आणतात. मी म्हणतो, 'चिठ्ठी टाकून' लिहा. कधी ऐकतात.

---

वडाची पारंबी

माझा अनुभव कडू आहे, पण लिहितो. खांद्याच्या दुखण्यासाठी एका खासगी केंद्रात गेलो होतो, नाव लिहीत नाही. "स्टेमसेलची (मूळ पेशींची) ट्रायल चालू आहे, शेवटच्या दोन जागा आहेत, पॅकेज घ्या" असं सांगितलं. आगाऊ पैसे भरले. संमतिपत्र म्हणून एक पान, तेही इंग्रजी, त्यावर कसलाच क्रमांक नाही. दोन इंजेक्शनं झाल्यावर पुढे कोणी विचारलं नाही, ना मोजमाप, ना फोन. खांदा आहे तसाच आहे. पैशांपेक्षा त्या 'ट्रायल' शब्दावर मी विश्वास ठेवला त्याचं जास्त लागलं.

---

समितीतला सामान्य माणूस

पारंबी, वाचून वाईट वाटलं. इतरांसाठी: नोंदणी क्रमांक मागा. तो सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे असा असतो. पानावर जाऊन पडताळा, तिथे त्याच रुग्णालयाचं आणि त्याच डॉक्टरांचं नाव आहे का बघा. ज्या उपचाराची चाचणी चालू आहे त्याचेच पैसे रुग्णाकडून मागितले जात असतील तर तिथेच थांबा. स्टेमसेलबाबत २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्वच्छ आहेत, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं मान्यताप्राप्त ट्रायलमध्येच. आणि हो, क्रमांक आहे म्हणजे उपचार चांगला आहे असं सरकारने सांगितलं, असाही अर्थ काढू नका. तो फक्त नोंदीचा पुरावा.

---

लीड्सचा मराठी

मी अकिलीसवाला. पळण्याच्या नादात टाच गेली. इकडे इंग्लंडात एनआयएचआर या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची 'बी पार्ट ऑफ रिसर्च' ही सेवा आहे, तिथे आजार आणि पिनकोड टाकला की जवळच्या ट्रायल दिसतात. अमेरिकेतल्यांनी क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह बघावं, २००० सालापासून आहे, आणि तिथे भारतातल्याही काही नोंदी सापडतात.

पीआरपीबद्दल. इथल्याच ट्रायलचा निकाल २०२१ मध्ये जामा या नियतकालिकात आला. अकिलीस टेंडिनोपथीचे २४० रुग्ण, निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतीच सुई टोचल्याचं नाटक. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. त्याआधी २०१० मध्ये हॉलंडमध्ये ५४ जणांवर, पीआरपी विरुद्ध नुसत्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन, तेव्हाही तेच. कोपराबाबत मात्र पीआरपीच्या बाजूचे निकालही आहेत, त्यामुळे मी टाचेपुरतंच बोलतो. ते २४० लोक पाकिटाला तयार झाले म्हणून माझे पैसे आणि एक सुई वाचली. मी त्यांतल्या कोणालाच ओळखत नाही.

मला बरं केलं ते पायरीवर उभं राहून टाच खाली सोडायच्या व्यायामाने. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये १५ धावपटूंवर करून बघितलेला: १५ च्या ३ फेऱ्या, गुडघा सरळ आणि वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. रोजचे १८०. कंटाळा येतो, करत राहायचं.

---

हाडवैद्य नव्हे, डॉक्टर

पोळपाटताईंचं इंजेक्शनचं वर्णन अगदी पुस्तकात शोभेल असं आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची २०१३ ची ट्रायल, टेनिस एल्बोचे १६५ रुग्ण. स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी वर्षभरात ८३ टक्के पूर्ण किंवा बरेचसे बरे झाले. नुसतं मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के! दुखणं उलटण्याचं प्रमाण स्टिरॉइड गटात ५४ टक्के, दुसऱ्यात १२. हे आकडे माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. त्यातला ९६ चा आकडा दोनदा वाचा. हे दुखणं बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात आपसूक ओसरतं. म्हणून तुलनेचा गट नसलेल्या कुठल्याही "आमच्याकडे ९० टक्के बरे होतात" या दाव्याला काही किंमत नाही. सचिनच्या कोपराच्या वेळी, २००४-०५ मध्ये, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण "लंडनला करतात ते ऑपरेशन इथे होतं का" विचारायचा. बहुतेकांना त्याची गरज नव्हती.

ट्रायलला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. मधुमेह, थायरॉइड, संधिवात, काही लपवू नका. आणि नुकतंच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक घेतलं असेल तर आवर्जून सांगा. या गटाच्या औषधांनी कंडरा दुखावते, क्वचित तुटतेही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी, २००८ मध्येच त्यावर ठळक इशारा छापायला लावला.

---

तबलजीची आई

माझा मुलगा १६ वर्षांचा, तबला शिकतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय, डी क्वेर्व्हेन सांगितलंय. परीक्षा डोक्यावर. त्याला अशा ट्रायलमध्ये घालता येईल का?

---

समितीतला सामान्य माणूस

१८ च्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि १२ वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची लेखी मान्यताही. तो नाही म्हणाला तर नाही. पण या दुखण्याच्या बहुतेक ट्रायलची वयाची अट १८ पासून सुरू होते.

---

हाडवैद्य नव्हे, डॉक्टर

आईसाहेब, ट्रायलची वाट बघू नका. आधी हाताच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा, अंगठ्याला आधार देणारी पट्टी बहुतेक सांगतील. गुरुजींशी बोलून रियाजाचे तास कमी करा, आणि मुलाला गुन्हेगार वाटू देऊ नका.

---

चंदनखोड

आयुर्वेदाचा विद्यार्थी. टेनिस एल्बोवर अग्निकर्माच्या, म्हणजे तापलेल्या धातूच्या शलाकेने दुखऱ्या जागी डाग देण्याच्या, ट्रायल सीटीआरआयवर आहेत. तिथे रुग्णाला गट कळणारच, तापलेली शलाका लपवता येत नाही. पण मोजमाप घेणाऱ्याला गट कळू न देणं जमतं. फोन केलात तर हा प्रश्न जरूर विचारा. आम्हाला आवडतो.

---

रानवाट

वडिलांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. इंजेक्शन वगैरे नकोच म्हणतात. "व्यायामाची असेल तर बघू," इतक्यावर आलेत. पोळपाटताई, तुमचं पुढे काय झालं?

---

पोळपाट

बारा आठवडे गेले. रोज सकाळी केंद्र उघडायच्या आधी आणि रात्री, अर्धा किलो डाळीची पिशवी मुठीत धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं. पहिले तीन आठवडे दुखणं वाढलं. दुसऱ्याच आठवड्यात दिलेल्या नंबरवर फोन केला होता, त्यांनी बोलावून वजन कमी केलं. वहीत रोज लिहायचं होतं, दोन दिवस राहिले तर तेही तसंच लिहिलं. खोटं लिहिलं असतं तर त्या मुलीची सगळी मेहनत वाया.

शेवटच्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा. दाराची मूठ फिरवताना किती दुखतं, दुधाचा भरलेला ग्लास तोंडाशी नेताना, ओला टॉवेल पिळताना, शून्य ते दहा. पोळी लाटण्याचा प्रश्न त्यात नाही. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, तर तिने नेहमीच्या कामाच्या प्रश्नापुढे 'लाटणे' असं लिहून ठेवलेलं. तेव्हा मी आठ म्हटलं होतं, आता दोन. काटाही पुढे गेला, डाव्याच्या बराच जवळ.

पण हे व्यायामाने झालं की आपोआप, हे माझ्या एकटीवरून कळणार नाही, डॉक्टरांचा ९६ चा आकडा वाचल्यावर तर नाहीच. टेपवाल्यांचं काय झालं तेही मला माहीत नाही. विचारलं, तर ती म्हणाली, "सगळ्यांचे बारा आठवडे झाल्याशिवाय आम्हीही बघत नाही, काकू."

नोंदीच्या पानावर आता भरती बंद असं आलंय. खाली प्रकाशनाचा रकाना आहे, तो अजून कोरा आहे. दर महिन्याच्या १ तारखेला, भाजीवाल्याचा हिशेब झाला की, ते पान उघडून बघते.